अंगाने सडपातळ, तरीही इन्सुलिन प्रतिरोध: याचे मूळ कशात असते?

मुलुंडकर

सर्वांना नमस्कार. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १०४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२ आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३४ आले असून सोनोग्राफीच्या अहवालात यकृतावर पहिल्या श्रेणीची चरबी असल्याची नोंद आहे. डॉक्टरांनी पुढे उपाशीपोटीचे इन्सुलिनही (साखर पेशींत पोचवणारे स्वादुपिंडाचे संप्रेरक) तपासायला सांगितले. ते १७ भरले, आणि ‘इन्सुलिन प्रतिरोध, म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत असे, सुरू झालेले दिसते, आत्ताच सावरा’ एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

माझे वय ३९, उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ६८ किलो आहे. हातपाय बारीकच आहेत. पोट मात्र गेल्या काही वर्षांत सुटले आहे आणि बेंबीच्या पातळीवर फीत धरली तर घेर ९४ सेंटीमीटर भरतो. चहा कित्येक वर्षे बिनसाखरेचा पितो, गोडाची फारशी आवड नाही, दारू-सिगारेट नाही. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने अंधेरी असा रोजचा प्रवास आहे. दिवसभर संगणकासमोर बसून काम असते आणि रात्रीचे जेवण दहाच्या आधी क्वचितच होते.

घरात आणि मित्रमंडळींत प्रत्येकाकडे एकेक कारण तयार आहे. कोणी साखरेला दोष देतो, कोणी ताणाला, तर काका ‘आपल्या घराण्यातच आहे’ म्हणून विषय संपवतात. मला पथ्याची यादी नको आहे, कारणांची साखळी समजून घ्यायची आहे. पहिला प्रश्न असा की जाड नसलेल्या माणसाला हे का व्हावे? आणि दुसरा असा की चरबी वाढल्यामुळे इन्सुलिन वाढते, की इन्सुलिन वाढल्यामुळे चरबी साठते? आंतरजालावर दोन्ही बाजू सारख्याच ठामपणे मांडलेल्या दिसतात.

अंतःस्राव_परळ

नमस्कार. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी आपले आकडे पाहू. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागायचे, अशी एक ढोबळ रीत ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली मांडली. तिला होमा म्हणतात. आपले उत्तर सुमारे ४.४ येते. इन्सुलिनची मोजणी प्रयोगशाळेगणिक बदलते, त्यामुळे या आकड्याची एकच सर्वमान्य मर्यादा नाही. पण उपाशीपोटी साखर जेमतेम आवरण्यासाठी आपल्या स्वादुपिंडाला बरेच जास्त इन्सुलिन सोडावे लागत आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. खरे तर इन्सुलिन तपासले नसते तरी चढे ट्रायग्लिसराइड, उतरलेले एचडीएल, सुटलेले पोट आणि यकृतावरची चरबी ही चौकडी पुरेशी बोलकी होती.

मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, ही समजूत १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आल्यानंतर पक्की झाली. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते की काही मधुमेहींवर इन्सुलिनचा परिणाम चांगला होतो आणि काहींवर फारच कमी. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत वापरात आणली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असल्याचे आढळले. म्हणजे निरोप जात होता, पण पेशी तो पुरेसा मनावर घेत नव्हत्या. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि साखर यांच्या बिघाडामागे हाच एक धागा असल्याची मांडणी केली.

आता पेशी ऐकेनाशा का होतात, हा मुख्य मुद्दा. आपण खाल्लेली जास्तीची ऊर्जा ठेवण्याची शरीरातली सर्वांत सुरक्षित जागा त्वचेखाली असते, विशेषतः मांड्या आणि नितंबांवर. मुंबईच्या वन-रूम-किचनमधला माळा गच्च भरला की पुढचे सामान ओट्याखाली आणि पलंगाखाली शिरते, तसे त्वचेखालची जागा पुरेनाशी झाली की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत उतरू लागते. अडचण तेथे सुरू होते. स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत डायअसिलग्लिसेरॉल आणि सेरामाइड यांसारखे मेदाचे मधले पदार्थ साचतात आणि इन्सुलिनचा संदेश पेशीच्या दारातून आत पोचवणाऱ्या साखळीत अडथळा आणतात. शिवाय फुगलेल्या चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि इन्सुलिनने ‘चरबी सोडू नका’ असे बजावूनही मेदाम्ले रक्तात सोडत राहतात. ती थेट यकृताकडे जातात.

चरबीचे एकूण प्रमाण महत्त्वाचे, की ती ठेवायला जागा आहे की नाही हे महत्त्वाचे? याचा सर्वांत स्वच्छ पुरावा लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारातून मिळतो. या रुग्णांच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच, दिसायला ते पीळदार असतात, आणि तरीही त्यांचा इन्सुलिन प्रतिरोध अत्यंत तीव्र असतो, यकृत चरबीने भरलेले असते. माळाच नाही, मग सगळे सामान घरभर. उलट बाजूला भरपूर वजनाची अशीही माणसे असतात की ज्यांची चरबी बहुतेक त्वचेखाली राहते आणि रक्ताचे अहवाल बरीच वर्षे स्वच्छ येतात. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की वजनकाटा किती ते सांगतो, कोठे ते सांगत नाही.

आपला पहिला प्रश्न येथेच सुटू लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच गटाने पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांमध्ये १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंत आणि पोटाच्या अवयवांत कमी पडत होती, त्वचेखालच्या चरबीत मात्र त्या मानाने फारशी मागे नव्हती. गर्भातल्या पोषणाचा ठसा असा जन्मापासूनच दिसतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मिळवा, नंतरच्या आयुष्यातली बैठी नोकरी मिळवा, म्हणजे हातपाय बारीक आणि पोट पुढे हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा तयार होतो.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर, स्त्रियांची ८० सेंटीमीटर मानतात. आपला बीएमआय २३.५ आणि घेर ९४ आहे. तेव्हा आपण स्वतःला सडपातळ म्हणता, ते युरोपीय मापाने खरे आणि आपल्या मापाने खोटे.

काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. साखरेचे म्हणणे पाव खरे आहे, कारण साखर हा अतिरिक्त ऊर्जेचा एक स्रोत आहे, एकमेव नव्हे. रक्तातल्या वाढलेल्या साखरेलाच मूळ कारण समजून फक्त चहातली साखर बंद करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जीवरसायन

अंतःस्राव यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी जरा बगल दिली, म्हणून लिहीत आहे.

इन्सुलिन आधी वाढते आणि प्रतिरोध नंतर येतो, असे मानणारा संशोधकांचा एक गंभीर गट आहे आणि तो केवळ आहारपंथीयांचा नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१२ मध्ये इन्सुलिनची जनुके कमी केलेल्या उंदरांना भरपूर स्निग्ध आहार दिला गेला. त्यांचे इन्सुलिन वाढू शकले नाही आणि ते लठ्ठही झाले नाहीत. याचा अर्थ इन्सुलिन हा केवळ बळी नाही, साठवणुकीला त्याचाही हातभार लागतो. अर्थात उंदरांवरून माणसांचा निवाडा होत नाही, हे मलाही मान्य आहे.

माझ्या मते माणसांत सुरुवात बहुधा स्नायूंपासून होते. जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्नायू असतो. येल विद्यापीठाने २००७ मध्ये तरुण आणि सडपातळ, पण स्नायूंत प्रतिरोध असलेल्या व्यक्तींना पिष्टमय जेवण देऊन पाहिले: त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) कमी साठले आणि यकृतात त्याच पिठाची चरबी जास्त झाली. ट्रायग्लिसराइड वाढले, एचडीएल उतरले. मुलुंडकर, आपला अहवाल याच चित्राशी जुळतो. यकृताची गंमत अशी की प्रतिरोध आला की ते इन्सुलिनचा ‘साखर सोडणे थांबव’ हा हुकूम मोडते, मात्र ‘चरबी तयार कर’ हा हुकूम पाळत राहते. त्यामुळे दोन्हीकडून नुकसान होते.

आता आपला डबा उघडून पाहू, कारण गोड न खाणाऱ्यांचे कोडे बहुधा त्यातच सुटते. अंधेरीच्या कार्यालयांत मी जे डबे पाहतो, त्यांत तीन-चार पोळ्या, बटाट्याची किंवा तोंडल्याची कोरडी भाजी, खालच्या खणात भात आणि त्यावर पातळ आमटीचे एक पळीभर पाणी असते; डाळ तळाशी शोधावी लागते. सकाळी पोहे किंवा खारी-बटर, संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव. बटाटा पावात घालून खाणारे आपण, आणि ‘मी गोड खात नाही’ हे समाधान वर! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी मधुमेह पाहणीतून असे दिसले की भारतीयांच्या ऊर्जेचा सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो, आणि त्यातला बराचसा पांढरा तांदूळ, दळलेले गहू व साखर यांतून. प्रथिने कमी पडली की स्नायू वाढत नाहीत, आणि स्नायू कमी असले की तेच जेवण यकृताच्या वाट्याला जाते.

चरबी आधी की इन्सुलिन आधी, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की हे चक्र आहे आणि ते कोणत्याही बाजूने फिरू लागू शकते. एका बाजूचे कारण सापडले म्हणून दुसरी बाजू खोटी ठरत नाही.

बदलापूर_फास्ट

दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण झोपेचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांची साखर पेलण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) चढे राहिले. बदलापूर-कसारा भागातून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि त्याआधी घरच्यांचे डबे भरणाऱ्या बायकांची झोप किती होते, हे मी वेगळे सांगायला नको. ताणाला हसण्यावारी नेऊ नये; तो अपुरी झोप, उशिराचे जेवण आणि चढे कॉर्टिसॉल या मार्गांनी शरीरात उतरतो.

तसेच स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष असावे. पीसीओएसमध्ये (बीजांडकोश आणि पाळीशी निगडित संप्रेरकांचा विकार) प्रतिरोध वजन बेताचे असतानाही आढळतो, आणि गरोदरपणात वारेतील संप्रेरकांमुळे प्रतिरोध नैसर्गिकरीत्याच वाढतो, तेव्हा ज्यांना त्या काळात मधुमेह झाला होता त्यांनी बाळंतपणानंतरही साखर तपासत राहायला हवी. मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा येतो, तोही बहुधा प्रतिरोधामुळेच असतो. घासून तो निघत नाही.

मुलुंडकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मानेवर तसा पट्टा माझ्याही आहे आणि मी आजवर तो उन्हामुळे आला असे समजत होतो.

एवढे वाचल्यावर एक शंका उरते. जागाच मुळात कमी मिळाली असेल, जन्माआधीचा ठसाही असेल आणि वडिलांकडून वारसाही आला असेल, तर यात माझ्या हातात नेमके काय राहते? भात सोडावा का? आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आत्ताच सुरू करावे का? आमचे डॉक्टर त्यावर ‘बघू’ एवढेच म्हणाले.

अंतःस्राव_परळ

जीवरसायन यांनी स्नायूंचा मुद्दा मांडला ते बरे झाले. बगल दिल्याचा आरोपही मान्य, कारण त्या वादात मी सहसा पडत नाही. कोणत्या बाजूने सुरुवात झाली हे ठरवता आले नाही, तरी चक्र कोठे तोडता येते याविषयी पुरावा बराच चांगला आहे.

न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी असे मांडले की प्रत्येक माणसाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती ओलांडली की बीएमआय काहीही असला तरी बिघाड होतो. त्यांच्या २०११ च्या अभ्यासात मधुमेहींनी अत्यल्प ऊर्जेचा आहार घेतल्यावर एका आठवड्यात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाली. आपल्यासाठी अधिक उपयोगाचा अभ्यास २०२३ चा आहे: बीएमआय २७ च्या आतल्या २० मधुमेहींपैकी १४ जणांचा मधुमेह वजन साधारण साडेसहा टक्के कमी केल्यावर औषधांशिवाय आटोक्यात आला. आपल्या बाबतीत हे सुमारे साडेचार किलो होतात. जागा वाढवता येत नाही, सामान कमी करता येते. वारशाने आपली मर्यादा खाली आणली आहे. ती रोज ओलांडायची की नाही, हे अजून आपल्याकडे आहे. मात्र असे कडक आहार मनाने सुरू करू नयेत, आणि आपल्याला मधुमेह झालेला नसल्याने तेवढ्या टोकाला जाण्याची गरजही दिसत नाही.

भात सोडू नका, त्याचे ताटातले स्थान बदला. पोळ्या आणि भात यांपैकी एका वेळी एकच घ्यावे, डाळ घट्ट असावी, आणि उसळ, अंडे, मासे किंवा पनीर यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. संध्याकाळी साडेसहाला कार्यालयातच चणे-दही असे काही पोटात गेले, तर रात्री दहाचे जेवण आपोआप हलके होते. डोंबिवली-मुलुंडच्या माणसाला ‘सातला जेवा’ असे सांगणारे आहारतज्ज्ञ बहुधा कामाच्या जागेलगतच राहत असावेत.

स्नायूंसाठी चालणे हवेच, पण तेवढ्यावर थांबू नये. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, म्हणूनच जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली वाया जात नाही. येलच्याच गटाने नंतर दाखवले की सडपातळ प्रतिरोधी तरुणांनी एकदाच ४५ मिनिटे व्यायाम केला, तरी त्यापुढच्या जेवणातून यकृतात तयार होणारी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायाम करावा. मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे असतात, तेव्हा बैठकांना कमी लेखू नये.

मेटफॉर्मिनविषयी ‘बघू’ हे उत्तर मला अयोग्य वाटत नाही. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीत मधुमेहाचा धोका जीवनशैलीतील बदलांनी ५८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय चाचणीत हेच आकडे सुमारे २८.५ आणि २६.४ टक्के होते, आणि दोन्ही एकत्र केल्याने विशेष भर पडली नाही. म्हणजे आपल्याकडे बदलांचा लाभ अमेरिकेइतका मोठा नसला, तरी तो गोळीच्या तोडीचा नक्कीच आहे. पुढे गोळी सुरू झालीच, तर बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिनने ते कमी होते आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते.

डॉक्टरांना दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगा: आपण रात्री मोठ्याने घोरता का, आणि दमा, त्वचा किंवा सांधे यांसाठी कधी स्टेरॉइड घेत होता का. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही प्रतिरोधाला खतपाणी घालते, आणि स्टेरॉइड तर थेट वाढवतेच. एचबीएवनसी वाचताना हिमोग्लोबिनही पाहावे, कारण लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटा चढू शकतो.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आणि त्याच प्रयोगशाळेत करावी. ट्रायग्लिसराइड आधी उतरतात, एचडीएल हलायला वेळ घेते, आणि कमरेची फीत बहुधा काट्याच्या आधी फरक दाखवते. आपल्याला धाकटी भावंडे असतील तर त्यांचीही साखर, लिपिड आणि कंबर एकदा मोजून घ्या, ती बारीक दिसत असली तरी.